तूप, हृदय आणि रेल्वे कामगार

स्निग्ध आहाराने कोलेस्टेरॉल वाढून हृदयविकार जडतो, हे मत पडताळण्यासाठी अमेरिकेच्या ॲन्सेल कीज यांनी १९५८ पासून सात देश तपासले; त्यांत भारत नव्हता. आपली साक्ष दिली ती रेल्वे कामगारांनी, तीही मरणोत्तर! पश्चिम रेल्वेचे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी त्यांच्या मृत्युनोंदी चाळून १९६७ साली दाखविले की, पंजाबी कामगार दाक्षिणात्यांच्या कितीतरी पट तूप-दूध खात. तरी हृदयविकाराचे मृत्यू दक्षिणेकडेच सातपट. म्हणून तूप निर्दोष सुटले काय? नाही. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल धमन्या अरुंद करते, हे पुढे सिद्ध झाले. पण मृत्युनोंदीत माणूस किती तास राबला हे नसते. आम्ही युनियनवाले तोच कागद मागत आलो.