गीतेचा रूपकार्थ

गीतेचा रूपकार्थ : कुरुक्षेत्रावरील युद्ध हे माणसाच्या अंतःकरणातील सद्वृत्ती व दुर्वृत्ती यांच्या झगड्याचे रूपक मानून केलेले भगवद्गीतेचे वाचन. चित्तशुद्धी व आत्मसंयम ही या वाचनाची उद्दिष्टे होत.

या दृष्टीचे बीज उपनिषदांत आहे. कठोपनिषदात शरीर हा रथ, आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे आणि विषय हे त्यांचे मार्ग असे रूपक येते. मन आवरले नाही, तर घोडे सारथ्याला जुमानत नाहीत. गीतेतही या दृष्टीला आधार सापडतो. तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस कामरूपी शत्रूला जिंकण्याचा आदेश आहे, सहाव्यात माणूस स्वतःच स्वतःचा बंधू व वैरी ठरतो आणि तेराव्यात शरीरालाच ‘क्षेत्र’ म्हटले आहे.

काश्मीरचे शैवाचार्य अभिनवगुप्त यांनी गीतार्थसंग्रह या टीकेत आरंभीच्याच श्लोकाचा असा आध्यात्मिक अर्थही नोंदविला. आधुनिक काळात महात्मा गांधींनी अनासक्तियोग या गुजराती अनुवादाच्या प्रस्तावनेत (कौसानी, १९२९) हीच भूमिका मांडली. दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे त्यांच्या आश्रमात सायंप्रार्थनेत म्हटली जात.

मराठीत हा विचार विनोबा भावे यांनी घरोघरी पोहोचविला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली गीता प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली. सोळाव्या अध्यायातील दैवी गुणांची विनोबांनी सेनाच उभी केली : आघाडीला अभय, पिछाडीला नम्रता. निर्भयतेवाचून सद्गुण वाढत नाहीत आणि नम्रतेवाचून मिळविलेला विजय टिकत नाही, हा या व्यूहाचा अर्थ.

सर्वच भाष्यकारांना हा मार्ग मान्य नाही. लोकमान्य टिळकांच्या गीतारहस्यात (१९१५) अर्जुनापुढील प्रत्यक्ष कर्तव्याचा पेच मध्यवर्ती आहे. शिवाय गीता महाभारताच्या भीष्मपर्वात, म्हणजे युद्धकथेतच, येते. स्वजनांशी लढावे की नाही हा अर्जुनाचा प्रश्न केवळ प्रतीक मानला, तर त्यातील नैतिक धार बोथट होते, हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येक पात्राला एकेक विकार चिकटविणारी टीकाही कृत्रिम होते. तथापि, वाचकाने दुर्योधन शेजाऱ्यात न शोधता स्वतःत शोधावा, ही या वाचनाची शिकवण मोलाची आहे. रूपकार्थाची कसोटी पांडित्यात नसून वाचणाऱ्याच्या आचरणात आहे.