कबुली आणि सत्य



‘त्याने आपण होऊन गुन्हा कबूल केला, मग आता बोलायचे काय राहिले?’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु कबुली नेहमी सत्यातूनच निघते असे नाही. कित्येकदा ती भीतीतून आणि एकटेपणातून निघते. इंग्लंडच्या अलीकडच्या इतिहासात याचा मोठा दाखला आहे.

तिकडे खेड्यातले पोस्ट बहुधा एखाद्या दुकानातच असते आणि दुकानदारच सबपोस्टमास्तर असतो. तो पगारी नोकर नव्हे; करारावर काम करतो. १९९९ पासून पोस्टाने या दुकानांतून ‘होरायझन’ नावाची संगणकी हिशेबयंत्रणा बसविली. तिच्यात दोष होते. गल्ल्यातून एक पैही गेलेली नसताना पडद्यावर हजारो पौंडांची तूट दिसे, आणि ती सबपोस्टमास्तराने पदरची भरावी लागे. रोख जुळते अशी नोंद केल्याखेरीज पुढचे व्यवहार सुरू होत नसत. आणि तशी नोंद केली की खोट्या हिशेबाचा गुन्हा! मदत मागितली, तर ‘अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच’ असे कित्येकांना ऐकविण्यात आले. तपास पोस्टाचाच आणि बहुतेक खटल्यांत फिर्यादीही पोस्टच.

हॅम्पशायरमधील साउथ वॉर्नबरो या गावच्या जो हॅमिल्टन यांच्यावर ३६,००० पौंडांच्या चोरीचा आरोप आला. चोरीचा पुरावा सापडला नाही, असे पोस्टाच्याच तपासनिसाने लिहून ठेवले होते. तरीही समोर तुरुंग दिसत होता. खोट्या हिशेबाची कबुली द्या, पैसे भरा, म्हणजे चोरीचा आरोप सोडून देऊ, असा सौदा झाला. बाईंनी कबुली दिली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना हात दिला. २००८ साली खटला निकालात निघाला. अशा कबुल्या इतरही अनेकांनी दिल्या.

मग त्यांची संघटना काय करीत होती? सबपोस्टमास्तरांचे फेडरेशन होते. पण पुढे त्याचा खर्च पोस्टाच्याच पैशांतून चालू लागला. ते स्वतंत्र नाही, असे २०१९ साली न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकालपत्रातच नमूद केले. मालकाच्या पैशावर जगणारी संघटना मालकाशी कशी लढणार?

तेव्हा लोकांनी आपली वाट काढली. २००९ साली एका संगणकविषयक नियतकालिकाने सात जणांच्या हकिगती छापल्या. त्याच वर्षी ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने फेनी कॉम्प्टन गावच्या सभागृहात हे लोक एकत्र जमले, आणि आपण एकटे नाही हे त्यांना प्रथम उमगले. पुढे ५५५ जणांनी दिवाणी दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये यंत्रणेचे दोष न्यायालयात सिद्ध झाले.

२३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. त्यांत जो हॅमिल्टन होत्या. पोस्टाने यंत्रणेच्या दोषांची माहिती आरोपींपासून दडविली. त्यामुळे न्याय्य खटला अशक्य झाला, इतकेच नव्हे तर असे खटले भरणे हाच न्यायबुद्धीचा अपमान होता, असे न्यायालयाने म्हटले. फिर्यादच अशी दूषित असेल तर कबुली आड येत नाही, हे त्यातून ठरले. ज्या तिघांचे खटले यंत्रणेच्या आकड्यांवर उभे नव्हते, त्यांची अपिले मात्र फेटाळली गेली. पुढे २०२४ साली संसदेने कायदा करून शेकडो दोषसिद्धी एकदम रद्द केल्या.

आपल्याकडे काय आहे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ प्रमाणे, गुन्हा कबूल करणाऱ्याला सर्वसाधारणपणे शिक्षेचे प्रमाण किंवा तिची कायदेशीरता एवढ्यापुरतेच अपील करता येते. दार अरुंद आहे, पण अगदी बंद नाही. कासमभाई शेख यांच्या १९८० च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सौद्यातून आलेल्या कबुलीवरील दोषसिद्धी रद्द केली. सौम्य शिक्षेच्या आमिषाने निरपराध माणूसही कबुली देईल, ही भीती त्यामागे होती.

कारखान्यातल्या चौकशीत ‘माफीनामा लिहून दे, नोकरी वाचेल’ हे वाक्य आम्ही कामगार कार्यकर्ते वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. न्यायालयाच्या दारात तेच वाक्य वेगळ्या पोशाखात उभे असते. म्हणून सांगतो : सही करण्यापूर्वी कागदपत्रे मागा, स्वतःचा वकील गाठा आणि असेच दुसऱ्या कोणावर बेतले आहे काय, याची चौकशी करा. इंग्लंडच्या त्या सबपोस्टमास्तरांना हे शेवटचे उत्तर मिळायला फार वर्षे लागली. तोवर कित्येकांची घरे बुडाली, आणि काही जण तर निकाल ऐकायला उरलेच नाहीत.