जुन्या पंख्याचे मोल

कलकत्त्यास बदलून आल्यावर जी कामे आमच्या वाट्यास आली, त्यांत कोठीतील निरुपयोगी वस्तूंची किंमत ठरविण्याचे काम सर्वांत रूक्ष असेल, अशी आमची समजूत होती. मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाऱ्यात टेबलावरचा एक पितळी विजेचा पंखा हाती लागला आणि ती समजूत टिकली नाही. नियमावली सांगते की, अशा मालाची पुस्तकी किंमत काढावी. ती निघत नसेल तर मूळ खरेदीची किंमत धरावी. ही खरेदी ज्या वहीत लिहिली असेल, ती वाळवीने केव्हाच निकालात काढली होती! उरला तराजू. पंखा साडेसात किलो भरला आणि त्यास पितळेच्या भंगाराचा भाव लावावा, असे सुचविण्यात आले. आम्ही चार दिवसांची मुदत मागून घेतली.

पंख्याचे वय सांगते ती त्याच्या अंगावर ठोकलेली पट्टी. तिच्यावर पुष्कळदा पेटंटची साले असतात. पण वाचकांनी फसू नये. शेवटचे साल एवढेच सांगते की, पंखा त्यापूर्वीचा नव्हे. आमच्या पट्टीवर त्याहून बोलकी दोन अक्षरे होती : डी. सी.

या दोन अक्षरांत कलकत्त्याचा इतिहास आहे. विजेचा टेबलपंखा अमेरिकेत शूयलर व्हीलर याने १८८२ साली केला. त्याच वर्षी एडिसनने न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवरून वीज देण्यास आरंभ केला. ती एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डी. सी. कलकत्त्यात १७ एप्रिल १८९९ रोजी प्रिन्सेप स्ट्रीटजवळच्या इमामबाग गल्लीतील केंद्रातून पुरवठा सुरू झाला, तोही डी. सी.च. १९०२ साली ट्राम विजेवर धावू लागली. पुढे ए. सी. वीज सर्वत्र आली, तरी शहराच्या मध्यभागी डी. सी. कित्येक दशके टिकून राहिली. येथील जुन्या कचेऱ्यांतून असे पंखे निघतात ते यामुळे.

त्याआधी वारा घालीत असे माणूस. छतास टांगलेल्या झालरीच्या पंख्याची दोरी भिंतीतील भोकातून व्हरांड्यात जाई आणि तेथे बसून पंखेवाला ती दिवसभर, पुष्कळदा रात्रभरही, ओढी. त्याचे वेतन उन्हाळ्यापुरते, किरकोळ खर्चाच्या सदरात पडे. डुलकी लागली म्हणून गोऱ्या साहेबाने लाथ मारली आणि पंखेवाला मेला, असे खटले एकोणिसाव्या शतकात एकाहून अधिक झाले. मृताची प्लीहा आधीच वाढलेली होती, या सबबीवर आरोपी हलक्या शिक्षेवर सुटत. विजेच्या पंख्यास डुलकी लागत नाही.

पंख्याची प्रकृती पाहावयाची ती वीज न जोडता. पाती हाताने फिरवावीत. आस हलवून पाहावा, खडखड आली तर बुश झिजले. मग मागचे झाकण काढावे. डी. सी. पंख्यात फिरत्या भागावर तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर असतो व त्यावर कार्बनचे ब्रश घासतात. पट्ट्यांवर एकसारखी तपकिरी झाक असावी, काळे खड्डे नसावेत. आमच्या पंख्याचे ब्रश जवळजवळ संपले होते. ते नवे घालता येतात, त्यात उणेपणा नाही. कापडी वेष्टनाची तार मात्र बोट लागताच भुगा झाली. आतील वायंडिंगची परीक्षा मेगरने करावी. एक मेगओहमपेक्षा कमी आकडा आल्यास पंखा जोडू नये. आमचा आकडा, आश्चर्य म्हणजे, चांगला निघाला.

मोल घटते ते झिजण्याने तितके नव्हे, जितके सुधारणेने. कोणी पात्यांवर निकेलचा मुलामा चढवितो, कोणी पट्टीवरून रंग फिरवितो. एक पाते घासून हलके झाले की सगळा पंखा थरथरतो. एका मेकॅनिकने आत ए. सी. मोटर बसवून देण्याची तयारी दाखविली. पंखा चालला असता, पण ती दोन अक्षरे खोटी ठरली असती. बाहेरून रेक्टिफायर जोडल्यास मूळचेच यंत्र चालते, असे आम्ही त्यास सांगितले. त्याने आमच्याकडे दयेने पाहिले.

आमच्या टिपणात आम्ही लिहिले : जाळी नंतरची, पाती, पट्टी व वायंडिंग मूळचे, राखीव किंमत भंगाराच्या पाचपट धरावी. समितीने पाचपट खोडले, तपशील तेवढा राहू दिला. लिलावापूर्वी माल पाहण्यास एक वृद्ध बंगाली गृहस्थ आले. त्यांनी वजन विचारले नाही. खिशातून भिंग काढून आधी पट्टी वाचली आणि मग पाती हळूच हाताने फिरविली.