ठिबकची नळी काळीच का?



गेल्या उन्हाळ्यात एका शिवारात गेलो होतो. बांधावर ठिबकच्या नळ्या पडल्या होत्या. एक उचलून वाकवली, तर कडकन मोडली. जेमतेम तीन हंगाम झाले होते. "साहेब, उंदरानं खाल्ली म्हणावं, तर दात उमटले नाहीत," दादा म्हणाले. त्याच खेपेला आणलेले एक बंडल गोठ्याच्या माळ्यावर होते. ते सोडून पाहिले, तर नळी मऊच! मग बांधावरची कोणी खाल्ली? उन्हाने आणि हवेने. हे कसे, ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

२७ मार्च १९३३. इंग्लंडमधील विनिंग्टन येथे आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन हे दोघे इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन पाहत होते. भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. तेच पॉलिथिन. पण प्रयोग पुन्हा जमेना. १९३५ च्या डिसेंबरात जमला, तेव्हा कळले की वायूत चुकून शिरलेल्या किंचित प्राणवायूने क्रिया सुरू करून दिली होती. गंमत पाहा, ज्या प्राणवायूने पॉलिथिनला जन्म दिला, तोच पुढे त्याचा काळ ठरला.

दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवर हे आवरण चढले. युद्धानंतर टेलिफोनच्या तारांवर शिशाऐवजी पॉलिथिन आले, आणि उघड्यावर ते तडकू लागले.

तडकते का, याचे उत्तर रबरावर काम करणाऱ्या बोलंड आणि गी या इंग्रज शास्त्रज्ञांच्या १९४६ मधील अभ्यासातून मिळाले. त्यांनी लिनोलिक आम्लापासून केलेला पदार्थही तपासला. हे आम्ल म्हणजे आपल्या करडईच्या तेलातला मुख्य घटक! घरातले तेल खवट होते, तशीच क्रिया प्लास्टिकमध्ये होते. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या लांबलचक साखळीची एखादी कडी तोडतात, तिथे प्राणवायू चिकटतो, आणि तो शेजारच्या कडीलाही बिघडवतो. एक नासका आंबा अढी नासवतो, तसेच म्हणा ना. साखळ्या आखूड झाल्या की नळी ठिसूळ होते.

यावर उपाय निघाला तो काजळीचा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने पॉलिथिनचे तुकडे वर्षानुवर्षे उघड्यावर ठेवून पाहिले आणि १९५० मध्ये निष्कर्ष छापले. बारीक काजळी शेकडा दोन-तीन किलो नीट मिसळली, तर ती किरण स्वतःच शोषून घेते. आपल्या नळीचा काळा रंग तिथून आला. उलट, १९५६ मध्ये स्कॉटलंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत समुद्राच्या तळाशी टाकलेली पॉलिथिन आवरणाची टेलिफोन तार १९७८ पर्यंत वापरात होती. तिथे ऊन कुठले?

पण पॉलिहाऊसच्या कागदात काजळी चालत नाही, पिकाला उजेड हवा. त्यासाठी १९७० नंतर अमाईन जातीची रसायने आली. ती तुटलेल्या कडीला धरून पुढची मोडतोड थांबवतात. मात्र गंधकाशी त्यांचे वैर आहे. गुलाबावरील भुरीसाठी आत गंधक धुरवले किंवा वारंवार फवारले, की ही रसायने निकामी होतात आणि कागद मुदतीआधी फाटतो. म्हणून कागद घेतानाच दुकानदाराला सांगा, "आम्ही गंधक वापरतो, त्याला टिकणारा द्या." लोखंडी कमानी तापतात, तिथे कागद आधी जातो, कमानीला पांढरा रंग द्यावा.

नळी घेताना आयएसआय शिक्का आणि १२७८६ हा मानक क्रमांक नळीवर छापलेला आहे का, ते पाहा. दादांची नळी स्वस्तात मिळालेली, काळी कमी अन् करडी जास्त, छाप कसलाच नाही. भंगार पुन्हा गाळून केलेल्या मालाची एक उष्णता आधीच खाऊन झालेली असते. नुसता काळा रंग पाहून फसू नका. हंगाम संपला की नळ्या गुंडाळून सावलीत ठेवा. बांधावर मे महिना काढायला लावू नका.

"मग माळ्यावरच्या बंडलाचं काय करू?" असे दादांनी विचारले. टाकून द्यायला त्यांचा जीव होईना. आम्ही ते उसाच्या खोडव्यात, पाचटाखाली अंथरले. पाचटाने ऊन अडते.