तळटीप : कामठ्याची मंडई आणि खडी गंमत

१२. लेखकाने येथे नुसते ‘गंमत’ म्हटले असले तरी अभिप्रेत आहे ती खडी गंमत हे लोकनाट्य. तिच्यात गाणारे, वाजवणारे आणि लुगडे नेसलेला नाच्या, सगळे उभ्यानेच रात्र काढतात. कामठा हे जुन्या जमीनदारीचे गाव. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात, आता गोंदियात. दिवाळीनंतर पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि गोवाऱ्यांचा नाच, रात्री गंमत नाहीतर दंडार हे दुसरे लोकनाट्य.

ढोलकी, टाळ आणि चोनके एवढ्यावर पूर्वी गमतीचे भागत असे. चोनके काखेत दाबायचे, एका हाताने तार ताणायची, दुसऱ्याने छेडायची. ताण बदलला की स्वर चढतो-उतरतो. पेटी आली आणि हा सरकता स्वर ठरीव पट्ट्यांना बांधला गेला. न्यूझीलंडच्या माओरींचेही असेच झाले. त्यांचे जुने गाणे मोजक्याच, जवळजवळच्या स्वरांत फिरे; मिशनऱ्यांची स्तोत्रे आणि मागाहून गिटार आल्यावर त्याची चाल पालटली.

पुढे वडशाच्या नाटक मंडळ्यांनी रात्रीचा प्रेक्षक ओढला, त्यांच्यामागून सिनेमाच्या चाली गमतीतही शिरल्या. याला ऱ्हास म्हणणे आम्हाला पटत नाही. गंमत पहिल्यापासून उसनवारीवरच जगली आहे. वडशाच्या या मंडळ्यांची ती झाडीपट्टी रंगभूमी; तिचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पुढील प्रकरणात ‘नाटक’ असा उल्लेख येईल तेथे वाचकांनी हीच रंगभूमी समजावी. – संपा.