ब्राउझरचं नवं व्हर्जन येतं कधी आणि पोहोचतं कधी?



नेट-सेटची किंवा पेटची तयारी करताना आपण तारखा पाठ करतो. अमुक तंत्र अमुक साली आलं, झालं! पण एखादी गोष्ट येणं आणि ती लोकांच्या हातात पोहोचणं या दोन वेगळ्या घटना असतात. संशोधनात हा फरक फार कामाला येतो. आज तो आपण रोजच्या वापरातल्या ब्राउझरच्या इतिहासातून बघूया.

पाच वर्षांची शांतता

इंटरनेट एक्सप्लोरर ६ (आयई ६) ऑगस्ट २००१ मध्ये आला आणि विंडोज एक्सपीबरोबर घरोघरी, ऑफिसोऑफिसी पोहोचला. नेटस्केपशी चाललेली स्पर्धा तोवर मायक्रोसॉफ्टने जिंकली होती. त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. आयई ७ यायला ऑक्टोबर २००६ उजाडला.

या पाच वर्षांत कंपन्यांनी, सरकारी खात्यांनी आपापल्या आतल्या प्रणाली आयई ६ समोर ठेवूनच बनवल्या. त्यातल्या कितीतरी अॅक्टिव्हएक्सवर चालायच्या, आणि अॅक्टिव्हएक्स म्हणजे आयईच. आयई ७ ने पान मांडायची पद्धत बदलली, सुरक्षेचे नियम कडक केले. ब्राउझर बदलायचा तर प्रणालीही दुरुस्त करा! तो खर्च कोण करणार? मग लोक जुन्यालाच धरून बसले.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. युनिकोड रुळायच्या आधी अनेक भारतीय भाषांतल्या वृत्तपत्रांच्या साइट स्वतःचे फॉन्ट वापरायच्या. ईओटी प्रकारची फॉन्ट फाइल पानाबरोबर आपोआप उतरायची, पण ती फक्त आयईला कळायची. तेच पान फायरफॉक्समध्ये उघडलं की अक्षरांचा नुसता कचरा दिसायचा. फायरफॉक्स १.० नोव्हेंबर २००४ मध्ये आला होता, चांगलाही होता. पण ज्याला सकाळी बातम्या वाचायच्यात तो आयई कशाला सोडेल? म्हणून 'लोक आळशी असतात' हा निष्कर्ष काढायच्या आधी थांबा. जुन्या गोष्टीला काय काय बांधलेलं आहे, ते आधी शोधा.

किंमत

जानेवारी २०१० मध्ये गूगलने आपल्यावर सायबर हल्ला झाल्याचं जाहीर केलं. 'ऑपरेशन ऑरोरा' या नावाने तो ओळखला जातो. त्यात आयईमधली एक त्रुटी वापरली होती आणि तिचा सगळ्यात जास्त धोका आयई ६ ला होता. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा संस्थांनी तर दुसरा ब्राउझर वापरा, असं नागरिकांना सांगितलं. मार्च २०११ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने आयई ६ चा वापर १ टक्क्याच्या खाली आणायची मोहीम काढली. ज्याने बनवला तोच म्हणतोय, सोडा आता!

न विचारता होणारं अपडेट

सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमने प्रश्नच काढून टाकला. अपडेट मागच्या मागे उतरतं आणि ब्राउझर पुन्हा सुरू केला की लागू होतं. याचा परिणाम थॉमस ड्युबेनडॉर्फर आणि स्टेफान फ्राय यांनी २००९ मध्ये मोजला. नवं व्हर्जन आल्यापासून २१ दिवसांत त्यावर पोहोचलेले वापरकर्ते असे होते: क्रोम ९७ टक्के, फायरफॉक्स ८५, सफारी ५३ आणि ऑपेरा २४.

आता संशोधकाच्या नजरेने बघा. या यादीत आयई का नाही? ब्राउझर सर्व्हरला स्वतःची जी ओळख सांगतो, तीत आयई फक्त मुख्य क्रमांक सांगायचा, बारीक अपडेटचा नाही. म्हणजे ज्याची सगळ्यात जास्त काळजी होती, तोच या पद्धतीने मोजता येत नव्हता. आणखी एक, ही माहिती गूगलच्या सर्व्हरच्या नोंदींतून आली होती आणि एक लेखक गूगलमध्येच होता. म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत. पण पेपर वाचताना या दोन्ही गोष्टी वहीत टिपून ठेवायच्या.

मग सगळ्यांनीच धावायचं का?

२०११ मध्ये फायरफॉक्सही दर सहा आठवड्यांच्या चक्रावर आला. मार्चमध्ये ४, जूनमध्ये लगेच ५! मोठ्या संस्थांची तक्रार आली की प्रत्येक व्हर्जन तपासायला आम्हाला वेळ कुठे आहे? म्हणून जानेवारी २०१२ मध्ये त्यांच्यासाठी ईएसआर ही वेगळी, संथ शाखा जाहीर झाली. सुरक्षेच्या दुरुस्त्या तिला मिळत राहतात, बाकीचे बदल मात्र थांबून येतात. क्रोम तर २०२१ पासून चार आठवड्यांवर आला.

वेगाची दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोम ४५ ने जुन्या प्लगइनचा आधार पूर्ण काढला आणि त्यात जावा अॅपलेट चालेनासे झाले. भौतिकशास्त्र शिकवताना वापरली जाणारी फेटची सिम्युलेशन्स आठवतात? त्यातली बरीचशी जावा आणि फ्लॅशमध्ये होती. ती एचटीएमएल५ मध्ये नव्याने लिहावी लागली.

तेव्हा कुठल्याही तंत्राचा इतिहास लिहायला घ्याल तेव्हा तीन प्रश्न विचारा. ते आलं कधी आणि पोहोचलं कधी? जुन्याला कोण, कशामुळे बांधलेलं होतं? आणि हे मोजलं कुणी, कशाने? शिवाय तुमचा प्रयोग ब्राउझरमध्ये चालणारा असेल, तर आजच वहीत तारखेबरोबर व्हर्जनही लिहा. पुढच्या महिन्यात ते बदललेलं असेल, आणि ते तुम्हाला विचारून बदलणार नाही.