तंत्रिका कोशिका सिद्धांत

मेंदू, मेरुरज्जू व त्यांपासून निघणाऱ्या तंत्रिका (मज्जातंतू) यांचे मिळून झालेले तंत्रिका तंत्र हे एकसंध तंतुजाल नसून स्वतंत्र कोशिकांचे (पेशींचे) बनलेले आहे, असे प्रतिपादन करणारा सिद्धांत. प्राणिशरीरातील ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे समूह) कोशिकांची बनलेली असतात, हे टेओडोर श्वान यांनी १८३९ मध्ये मांडले व ते लवकरच मान्य झाले. तंत्रिका तंत्राच्या बाबतीत मात्र तीच गोष्ट मान्य होण्यास आणखी अर्धशतक लागले आणि निर्णायक पुरावा मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

या विलंबाचे कारण तंत्रिका कोशिकेच्या आकारात आहे. यकृताची कोशिका आटोपशीर असते व सूक्ष्मदर्शकाखाली ती संपूर्ण दिसते. याउलट पावलाच्या स्नायूंना प्रेरणा देणाऱ्या कोशिकेचा पिंड मेरुरज्जूच्या खालच्या भागात असतो व तिचा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतो. पिंडाभोवती झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरलेल्या शाखा (वृक्षिका) वेगळ्याच. पातळ छेद घेतला की, या सर्वांचे तुकडे होतात आणि कोणता तुकडा कोणत्या कोशिकेचा, हे कळेनासे होते. ओटो डायटर्स यांनी मेरुरज्जूतील कोशिका हाताने अलग करून वृक्षिका आणि अक्षतंतू हे दोन प्रकार स्पष्ट केले. त्यांचा ग्रंथ त्यांच्या अकाली मृत्यूनंतर १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पण बारीक शाखांची टोके कोठे जातात, हा प्रश्न तसाच राहिला. योझेफ फोन गेरलाख यांच्या मते ती टोके एकमेकींत मिसळून त्यांचे जाल बनते. ‘जालकवाद’ या नावाने ओळखले जाणारे हे मत त्या काळी बहुतेकांस पटले.

इटालियन वैद्य कामील्लो गॉल्जी (१८४३–१९२६) हे मिलानजवळच्या आब्ब्यातेग्रास्सो येथील असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात काम करीत असता, १८७३ मध्ये त्यांनी ऊतक अभिरंजनाची (रंगविण्याची) एक नवी पद्धत प्रसिद्ध केली. प्रयोगशाळा नसल्यामुळे स्वयंपाकघरातच त्यांनी हे प्रयोग केले. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये कठीण केलेला मेंदूचा तुकडा सिल्व्हर नायट्रेटच्या विद्रावात ठेवला असता, काही कोशिका पिवळसर पार्श्वभूमीवर सर्व शाखांसह काळ्या दिसू लागतात. फारच थोड्या कोशिका अशा रंगतात, आणि पद्धतीचे सारे महत्त्व यातच आहे. सर्वच रंगल्या असत्या, तर छेद नुसता काळा दिसला असता. नेमक्या काहीच कोशिका का रंगतात, याचा समाधानकारक उलगडा अद्याप झालेला नाही.

वृक्षिकांची टोके मोकळी असतात, हे गॉल्जी यांना दिसले व गेरलाख यांचे मत त्यांनी खोडून काढले. तथापि वृक्षिकांचे कार्य केवळ पोषणाचे आहे व अक्षतंतूंच्या शाखांचे मात्र अखंड जाल बनते, असे त्यांनी मानले. हा वाद केवळ रचनेपुरता नव्हता. जाल अखंड असेल, तर मेंदू एकवटूनच कार्य करतो, विशिष्ट कार्यासाठी विशिष्ट भाग ही कल्पना गौण ठरते आणि आवेग कोणत्याही दिशेने जाऊ शकतो. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वाणीचा संबंध मेंदूच्या एका ठराविक भागाशी जोडला होता, त्याचाही अर्थ मग वेगळा लावावा लागला असता.

व्हिल्हेल्म हिस यांनी भ्रूणातील वाढीवरून, तर ऑग्यूस्त फॉरेल यांनी इजा झालेल्या कोशिकांच्या अपकर्षावरून (ऱ्हासावरून) १८८६–८७ मध्ये जालकवादाविषयी शंका घेतली. प्रत्यक्ष पुरावा दिला तो सांत्यागो रामॉन ई काहाल (१८५२–१९३४) या स्पॅनिश शास्त्रज्ञांनी. गॉल्जी पद्धतीची नमुनापट्टी त्यांनी १८८७ मध्ये माद्रिदला प्रथम पाहिली. तीत त्यांनी दोन सुधारणा केल्या : अभिरंजन दोनदा केले आणि प्रौढ मेंदूऐवजी भ्रूणांचे व नवजात प्राण्यांचे मेंदू घेतले. अशा मेंदूत अक्षतंतूंवर मेदाचे आवरण चढलेले नसल्याने ते टोकापर्यंत रंगतात. पक्ष्यांच्या निमस्तिष्कात (लहान मेंदूत) अक्षतंतूंची टोके पुरकिंजे कोशिकांभोवती परडीसारखी वेढलेली असतात, परंतु त्यांत मिसळत नाहीत, असे त्यांना दिसले. हे निष्कर्ष त्यांनी १८८८ मध्ये बार्सेलोनाहून स्वतःच काढलेल्या त्रैमासिकात छापले. स्पॅनिश वाचणारे थोडे, म्हणून १८८९ मध्ये ते आपल्या नमुनापट्ट्या घेऊन बर्लिनच्या शरीररचनावैज्ञानिकांच्या सभेस गेले. तेथे आल्बेर्ट फोन कोलिकर या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी त्या तपासल्या आणि ते काहाल यांचे समर्थक बनले. व्हिल्हेल्म फोन व्हाल्डायर यांनी १८९१ मध्ये ही सर्व माहिती संकलित करून कोशिकेस ‘न्यूरॉन’ हे नाव दिले. त्यामुळे सिद्धांताचे श्रेय पुष्कळदा त्यांना दिले जाते, ते फारसे न्याय्य नाही.

नेत्रातील जालपटलाच्या (पडद्याच्या) कोशिकांच्या मांडणीवरून काहाल यांनी आणखी एक अनुमान काढले. आवेग वृक्षिकांकडून पिंडाकडे व तेथून अक्षतंतूकडे जातो. त्यांच्या आकृत्यांतील बाण हीच दिशा दाखवितात.

गॉल्जी व काहाल यांना १९०६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. स्टॉकहोम येथील व्याख्यानात गॉल्जी यांनी तंत्रिका कोशिका सिद्धांतावरच टीका केली, तर दुसऱ्या दिवशी काहाल यांनी त्याच सिद्धांताचा पुरावा मांडला. गॉल्जी यांचा हट्ट अनेकांस खटकला. परंतु एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. दोन कोशिकांमधील फट साधारणपणे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी असते. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून ती दिसणे अशक्यच होते. काहाल यांनीही ती पाहिलेली नव्हती.

चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्रतिक्षेपी क्रियांच्या अभ्यासावरून या संपर्कस्थानाचे शरीरक्रियावैज्ञानिक महत्त्व ओळखले व १८९७ मध्ये त्यास ‘सिनॅप्स’ (अनुबंधन) हे नाव दिले. हृदयाच्या तंत्रिकेचा परिणाम रासायनिक द्रव्यामार्फत होतो, हे ओटो लोव्ही यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या हृदयांवरील प्रयोगाने सिद्ध केले. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने फट प्रत्यक्ष दाखविली. तंत्रिका तंत्रावरील अनेक औषधे याच ठिकाणी कार्य करतात. पिकांवर फवारण्यात येणाऱ्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांची विषबाधाही येथेच होते : ॲसिटिलकोलीन या द्रव्याचे विघटन थांबून ते साचत राहते.

त्याच दशकात शेवंड्यासारख्या क्रेफिश या प्राण्यात विद्युत् अनुबंधने आढळली. त्यांत शेजारच्या कोशिका सूक्ष्म नलिकांनी जोडलेल्या असतात व विद्युत् प्रवाह सरळ पलीकडे जातो. सस्तन प्राण्यांतही ती आहेत, परंतु रासायनिक अनुबंधनांच्या मानाने संख्येने अल्प. गॉल्जी यांची अभिरंजन पद्धत आजही वापरात आहे. विशेषतः वृक्षिकांवरील सूक्ष्म कंटक मोजण्यासाठी तिचा उपयोग होतो. हे कंटक काहाल यांनी १८८८ मध्ये वर्णिले, तेव्हा अनेक शास्त्रज्ञ त्यांना अभिरंजनातील दोष समजत होते.